शेताची पातळी आणि लेसरचा किरण



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते आमचे गुरुजी भूमितीचा तास कधी कधी शाळेमागच्या काळ्या रानात घेत असत. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची दोन टोके दोन मुलांच्या हाती देऊन, दोघांच्या पायांखालची जमीन किती उंचसखल आहे, हे ते आम्हांकडूनच काढवून घेत. आज ज्या उपकरणाविषयी मी बोलणार आहे, ते त्या नळीचेच काम पाण्याऐवजी प्रकाशाने करते.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. कापसाची काळी जमीन भिजून फुगली की तिच्यात पाणी मुरणे मंदावते. मग उताराचे पाणी माती घेऊन नाल्यात आणि नाल्यातून पैनगंगेत जाते. यावर समपातळी बांध हा जुना व खात्रीचा उपाय होय. मात्र असा बांध सर्व लांबीभर एकाच उंचीवरील जमिनीवरून गेला पाहिजे. उतार शेकडा २ असेल, तर पातळीत १ सेंटिमीटरची चूक झाली की बांधाची खूण जमिनीवर ५० सेंटिमीटर सरकते. नुसत्या नजरेने हे साधत नाही.

फरशी बसविणारे गवंडी वापरतात तो लेसर लेव्हल आता कुणाही हौशी माणसास परवडू लागला आहे. जैनद भागातील आमच्या घरच्या शेतावर बांध आखण्यासाठी मी तोच नेला. त्या वर्षी जुलैमध्ये आमचा बांध एका टोकाला फुटला, आणि खालच्या पट्टीतील कापूस गाळाखाली गेला. दोष यंत्र विकणाऱ्याचा नव्हता, माझाच होता. मोटारसायकलवरून नेताना पेटी एकदा पडली होती, आणि त्यानंतर मी यंत्राची परीक्षा घेतली नव्हती. किरण ३० मीटरवर ४ सेंटिमीटर खाली झुकत होता. आम्ही यंत्र तीन ठिकाणी मांडले. प्रत्येक वेळी जवळच्या खुणेवरून दूरची खूण घेतल्याने चूक एकाच दिशेने साठत गेली, आणि बांधाचे शेवटचे टोक १२ सेंटिमीटर खाली उतरले. पाण्याने ते बरोबर शोधून काढले.

ही परीक्षा अवघड नाही. ३० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात आणि यंत्र बरोबर मध्यभागी ठेवून दोन्हींवरील काठीची मापे घ्यावीत. अंतरे सारखी असल्याने किरण झुकलेला असला तरी दोन्हीकडे सारखाच झुकतो. म्हणून मापांतील फरक खरा येतो. नंतर यंत्र पहिल्या खुंटीच्या अगदी जवळ नेऊन पुन्हा मापे घ्यावीत. फरक तोच आला तर यंत्र निर्दोष समजावे. बदलला तर जेवढा बदल, तेवढी त्या अंतरावरील चूक. गुरुजींची नळी हाताशी असल्यास तिनेही ताडून पाहावे. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये.

आता निवडीविषयी. लेसर म्हटला की लोक प्रथम त्याची शक्ती विचारतात. पातळी काढण्यासाठी शक्ती नको, डोळ्यास दिसणारा रंग हवा. आपली दृष्टी ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशास सर्वांत तीक्ष्ण असते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण तेवढ्याच शक्तीच्या ६३५ च्या तांबड्या किरणाहून सुमारे चौपट आणि ६५० च्या किरणाहून सुमारे आठपट उजळ भासतो. मात्र ५३२ चा किरण बहुधा अवरक्त प्रकाशापासून स्फटिकांच्या साह्याने तयार करतात, आणि तो थंडीत मंदावतो. आपल्याकडची डिसेंबरची पहाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांस अधिक सांगणे नको. ५२० च्या आसपासचा थेट डायोडचा हिरवा किरण बरा. भर उन्हात मात्र कोणताच किरण दिसत नाही. किरण ओळखणारा रिसीव्हर तरी घ्यावा, नाहीतर दिवेलागणीची वाट पाहावी. आम्ही काठीस पांढरा कागद डकवून वैशाखातील संध्याकाळी काम उरकतो.

आणि याच वेळी डोळ्यांची काळजी अधिक घ्यावयाची असते, कारण अंधारात बाहुली मोठी होते. डोळ्याचे भिंग समांतर किरण दृष्टिपटलावरील अतिसूक्ष्म ठिपक्यात एकवटते, तेथील तीव्रता सुमारे लाखपट होते. आणि दृष्टिपटल भाजताना दुखत नाही. म्हणून वर्ग २ चा, म्हणजे १ मिलिवॅटपर्यंतचाच लेसर घ्यावा. चुकून डोळ्यावर आल्यास पापणी पाव सेकंदात मिटते, एवढ्यावर त्याची सुरक्षितता बेतलेली आहे. मुद्दाम रोखून पाहणाऱ्यास ती लागू नाही. वर्ग ३आर ५ मिलिवॅटपर्यंत, ३बी ५०० पर्यंत आणि त्यापुढे वर्ग ४. परंतु स्वस्त पॉइंटरवरील पट्टीवर विसंबू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ पॉइंटर तपासले होते. त्यांच्या २०१३ मधील निष्कर्षानुसार हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि तांबड्यांपैकी ४४ टक्के नियमांत बसत नव्हते. पॉइंटरचा किरण बारीकच राहतो. लेव्हलचा किरण रेषेत पसरतो, हाही लेव्हलच्या बाजूचा गुण.

यंत्रासोबत येणारा तांबडा चष्मा किरण ठळक दिसावा म्हणून असतो, त्याने डोळ्यांचे रक्षण होत नाही. दुर्बिणीतून किरणाकडे कधीही पाहू नये. तिपाईवर यंत्र सव्वा मीटर उंचीवर ठेवले की किरण नेमका लहान मुलाच्या आणि बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. आम्ही तो गुडघ्याखाली ठेवतो, विळा, स्टीलचा तांब्या आणि मोटारसायकलचा आरसा वाटेतून दूर करतो, आणि मुलांना काठी धरावयास लावतो ती यंत्राकडे पाठ करून.

रानडुकरे पिटाळण्यासाठी जळता निळा लेसर घ्यावा काय, असे एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले होते. घेऊ नये. वर्ग ४ च्या किरणाचा साध्या भिंतीवरून उलटलेला प्रकाशही डोळा अधू करू शकतो, आणि वाळलेले गवत पेटते ते वेगळेच. राखणीला जागणाऱ्या शेजाऱ्याचा डोळा त्या रानात कुठे असेल, हे आपणास दिसत नसते.

फुटलेला बांध आम्ही पुढच्या वैशाखात पुन्हा आखला. खुंट्यांची परीक्षा आधी दोनदा घेतली, शेवटी नळीनेही ताडून पाहिले, आणि जादा पाण्यासाठी एका टोकाला दगडी सांडवा ठेवला. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी बांधाच्या सबंध लांबीवर सारख्या उंचीने उभे राहिले. सकाळी ते पाहण्यासाठी मी नळीच घेऊन गेलो होतो.