एका झडपेची चार रूपे

मनुष्याचे हृदय मिनिटास सुमारे ७२ ठोके देते. हा हिशेब वर्षाचा केला तर आकडा पावणेचार कोटींच्या पलीकडे जातो. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयातील चार झडपा उघडतात आणि मिटतात. घराच्या दारास बिजागरी असते, तिला तेल घालता येते, ती मोडली तर सुतारास बोलावता येते. हृदयाच्या दारांना ही सोय नाही. त्यांचे काम मात्र एकच आहे, आणि ते म्हणजे रक्तास पुढे जाऊ देणे व मागे न फिरू देणे.

ही दारे बिघडतात कशी? आपल्या देशात त्याचे एक मोठे कारण बालपणीच्या घसादुखीत दडलेले असते. एका विशिष्ट जातीच्या जंतूंमुळे घसा सुजतो. मूल चार दिवसांत बरेही होते. परंतु काही मुलांना पुढे दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि त्याच वेळी हृदयाच्या झडपांना इजा पोचते. सांधे पूर्ववत होतात, झडपा होत नाहीत. त्या जाड होतात, एकमेकींस चिकटतात, किंवा नीट मिटेनाशा होतात. मग ऐन तारुण्यात जिना चढताना धाप लागू लागते. झडप फारच निकामी झाली, तर ती काढून तेथे कृत्रिम झडप बसवणे हाच उपाय उरतो.

अशी झडप बनवण्याचे प्रयत्न प्रथम अमेरिकेत झाले. १९५२ साली चार्ल्स हफनागेल या शल्यचिकित्सकाने पिंजऱ्यातील चेंडूसारखी एक झडप रुग्णाच्या महारोहिणीत बसवली. १९६० साली आल्बर्ट स्टार व अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांची झडप प्रत्यक्ष हृदयात बसली. पुढे कलत्या चकतीच्या झडपा निघाल्या. विद्या सिद्ध झाली होती, परंतु भारतातील सामान्य रुग्णाला तिचा लाभ होणे कठीण होते. परदेशी झडपेची किंमत त्याच्या कुटुंबास न पेलणारी होती. आणि हा रोग तर मुख्यतः गरिबांच्याच घरी मुक्काम करणारा.

हफनागेल यांच्याजवळ काम केलेले डॉ. एम. एस. वलियातन १९७४ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत आले. झडप देशातच बनली पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला. रुग्णालयाच्या जोडीस तेथे अभियंत्यांचा एक विभाग उभा राहिला आणि जी. एस. भुवनेश्वर प्रभृती अभियंते या कामास लागले. रचना वरवर पाहता सोपी होती. एक धातूचे कडे, त्यात कलणारी एक चकती, ती निसटू नये म्हणून धातूच्या कमानी, आणि हृदयास टाके घालता यावेत म्हणून कड्याभोवती कापडाची पट्टी, इतकाच सारा संसार.

पहिल्या रूपात टायटॅनियम धातू वापरला होता. झडप यंत्रावर ठेवून अतिवेगाने उघडझाप करवली, की वर्षांची झीज थोड्या दिवसांत दिसते. या कसोटीत कमान जोडाच्या जागी मोडली. दुसऱ्या रूपात चकतीसाठी नीलम घेतला. हा प्रयोगशाळेत तयार केलेला, अखंड स्फटिकाचा नीलम होता. तो इतका कठीण ठरला की स्वतः झिजला नाही, पण भोवतालच्या टायटॅनियमला मात्र त्याने झिजवून टाकले. तिसऱ्या रूपात धातू बदलला व कोबाल्टयुक्त कठीण मिश्रधातू आला. यंत्रावरच्या कसोटीस हे रूप उतरले. मेंढीच्या हृदयात झडप बसवली, आणि ती काही काळ उत्तम चाललीही. मग एके दिवशी नीलम फुटला व मेंढी दगावली.

वर्षांचे श्रम पाण्यात गेल्यासारखे वाटावे, अशीच ती घटना होती. हाती आलेली झडप तशीच माणसांत वापरून पाहण्याचा मोह अशा वेळी होऊ शकला असता. संशोधकांनी तो मार्ग धरला नाही. अशी घाई किती महाग पडते, हे परदेशातील एका प्रसिद्ध झडपेने दाखवून दिले आहे. तिची कमान जोडाच्या जागी तुटून अनेक रुग्ण प्राणास मुकले आणि १९८६ साली ती झडप बाजारातून काढून घ्यावी लागली.

चौथ्या रूपात कडे व कमानी एकाच अखंड ठोकळ्यातून कोरून काढल्या. जोडच नाही, तर तो तुटण्याचे भयही नाही. आणि चकतीसाठी रत्नाचा नाद सोडून पॉलिएथिलीन हे प्लास्टिक घेतले. रोजच्या वापरातील पिशव्या-बादल्यांच्याच कुळातले, पण फार चिवट जातीचे. कृत्रिम खुब्याच्या सांध्यातही तेच वापरतात. ते आघात सोसते, धातूस खात नाही, आणि मिटताना आवाजही थोडा करते. नीलमास जे साधले नाही, ते प्लास्टिकने साधले.

६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसली. तीनशेहून अधिक रुग्णांवर काळजीपूर्वक देखरेख ठेवल्यानंतर १९९५ साली तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांस बसवल्या गेल्या आहेत. डॉ. वलियातन २०२४ साली निवर्तले. त्यांच्या झडपा ठोके मोजीतच आहेत.

तथापि, कृत्रिम झडप मिळाली म्हणजे रोगाचे खाते बंद झाले, असे समजू नये. धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते व वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागते. गोळी चुकली तर झडप गुठळीने अडकते, आणि जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून खरा शहाणपणा पहिल्या पायरीवरच आहे. मुलाचा घसा सुजून ताप आला, तर त्याला डॉक्टरांना दाखवावे, आणि जंतूंचा संशय असल्यास ते सांगतील तितके दिवस पेनिसिलिनसारखे औषध पुरते द्यावे. वर्षानुवर्षे खपून माणसांनी जे दार घडवले, ते बसवण्याची वेळ त्या मुलावर कधीच येऊ नये, यासाठी इतकी काळजी पुष्कळ वेळा पुरेशी होते.