जीव आणि फासा

रुग्णालयाच्या आवारात एका बाजूला पिवळ्या पिशव्या ठेवलेल्या असतात. त्यांवर तीन अपुरी वर्तुळे एकमेकांत गुंफल्यासारखी एक आकृती असते आणि सोबत एक इंग्रजी शब्द छापलेला असतो : 'बायोहॅझर्ड'.

हा शब्द विसाव्या शतकात घडला; परंतु त्याचे दोन्ही घटक फार जुने आहेत. 'बायो' हा ग्रीक भाषेतील 'बिओस्' ह्या शब्दापासून आला. बिओस् म्हणजे जीवन. आपला 'जीव' हा शब्द आणि हा 'बिओस्' एकाच कुळातले. लॅटिनमधील 'वीवुस्', म्हणजे जिवंत, हाही त्यांचाच भाऊ. ज, ब आणि व ह्यांत कानाला काहीच साम्य वाटत नाही. तरी एकाच मूळ ध्वनीने तीन भाषांत ही तीन रूपे घेतली, असे भाषापंडित सांगतात.

'हॅझर्ड' ह्या शब्दाची कथा अधिक मौजेची आहे. मध्ययुगात फ्रान्समध्ये ह्या नावाचा फाशांचा एक खेळ होता. अरबी भाषेतील 'अझ्-झहर', म्हणजे फासा, ह्यावरून ते नाव पडले असावे, असे अनेक विद्वान मानतात. फासा कसा पडेल हे कोणास ठाऊक? म्हणून खेळाचे नाव पुढे हानीच्या संभवाला आणि शेवटी धोक्यालाच मिळाले.

मात्र 'जिवाला धोका' एवढाच ह्या जोडशब्दाचा अर्थ नव्हे. विजेच्या उघड्या तारेनेही जीव जातो. पण ती बायोहॅझर्ड नव्हे. रोगजंतूंसारख्या सजीवांपासून किंवा त्यांनी दूषित झालेल्या वस्तूंपासून उद्‌भवणारा धोका तो बायोहॅझर्ड.

पण ज्याला हा शब्द वाचता येत नाही, त्याने काय करावे? पूर्वी अमेरिकेत निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या खुणाही निरनिराळ्या असत. एकीकडची खूण दुसरीकडच्या माणसाला कळत नसे, आणि अशा ठिकाणी चूक म्हणजे रोगाशी गाठ. १९६६ साली तेथील डाऊ केमिकल कंपनीतील अभियंते चार्ल्स बाल्डविन ह्यांनी एकच खूण ठरविण्याचे काम हाती घेतले. पूर्वीचा कोणताही अर्थ न चिकटलेली, तरी मनात पक्की बसणारी आकृती त्यांना हवी होती. अनेक आकृत्या लोकांना दाखविण्यात आल्या व आठवड्याने पुन्हा विचारण्यात आले. जिचा अर्थ कोणाला तर्काने सांगता आला नाही, पण जी सर्वांत अधिक लक्षात राहिली, तीच निवडली गेली. पेटी आडवी पडो वा उलटी, खूण ओळखू यावी, म्हणून तिला तीन सारख्या बाजू दिलेल्या आहेत.