टायगर मॉथच्या तळातल्या दोन दांड्या

थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होतं. जमिनीवर पाच-दहा मिनिटं सुरळीत चालतं, तपासणीत खोट निघत नाही. विमान वर जातं आणि थोड्या वेळाने इंजिन अडखळायला लागतं. वैमानिक कसंबसं मैदान गाठतो. मेकॅनिक झाकण उघडून बघतो तोवर इंजिन निवलेलं असतं आणि पुन्हा पहिल्या झटक्याला चालू होतं. जुनी विमानं सांभाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो असा बिघाड, वर होणारा आणि खाली न सापडणारा.

विमान आहे द हॅविलँड टायगर मॉथ. ते पहिल्यांदा उडालं 26 ऑक्टोबर 1931 रोजी. एकावर एक पंखांच्या दोन जोड्या, लाकडी पंखांवर ताणून बसवलेलं कापड, पोलादी नळ्यांचा सांगाडा, उघड्यावर एकामागे एक दोन बैठका. पुढे शिक्षक, मागे शिकाऊ. ब्रिटिश साम्राज्यातल्या वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने उड्डाणाची बाराखडी याच विमानावर गिरवली, भारतातही. अशी आठ हजारांहून जास्त विमानं बनली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हौशी लोक ती आजही उडवतात, आणि उडवायची म्हणजे आधी दुरुस्त ठेवायची.

टायगर मॉथला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पुढचा लाकडी पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो स्वतःच तयार करतो. चुंबकीय क्षेत्र, तारेचं वेटोळं, संपर्क तोडणारे पॉइंट आणि एक कंडेन्सर, एवढाच त्याचा संसार. जुनी लँब्रेटा किंवा राजदूत ज्यांनी किक मारून मारून चालवली, त्यांना यातला एकही शब्द नवा नाही. मॅग्नेटोच्या वेटोळ्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असतात आणि जुन्या वेटोळ्यांत त्या फेऱ्यांमध्ये विजेला अडवणारा थर असायचा लाखेचा. लाख काळाबरोबर ओल शोषते आणि उष्णतेने मऊ पडते. गरम झालं की फेरे आपसांत जुळतात, ठिणगी मरते. निवलं की लाख पुन्हा घट्ट होते आणि मॅग्नेटो साळसूद होऊन बसतो. म्हणून असा मॅग्नेटो थंड अवस्थेत टेबलावर तपासणं म्हणजे वेळ घालवणं. तो गरम हवेत तापवून, तापलेल्या अवस्थेतच फिरवून बघावा लागतो.

मॅग्नेटो दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. उड्डाणाआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती घटतात ते पाहतो. थोडे घटायलाच हवेत, कारण एका ठिणगीने ज्वलन जरा सावकाश होतं. खूप घटले तर प्लग किंवा मॅग्नेटो आजारी. पण अजिबात घटलेच नाहीत तर? शिकाऊ माणूस खूश होतो, अनुभवी माणूस पंख्यापासून दोन पावलं मागे सरतो. मॅग्नेटोचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणाच्या उलट वागतं. बंद केलं की त्याची वीज एका तारेतून विमानाच्या सांगाड्याकडे वळते आणि ठिणगी थांबते. ती तार तुटली तर बटण बंद दिसतं, मॅग्नेटो मात्र जागाच राहतो. अशा वेळी पंख्याला सहज हात लावून तो हलवला तरी इंजिन पेट घेऊन एक फेरा मारू शकतं. उभ्या विमानाचा पंखा नेहमी जिवंतच समजायचा, हा हँगरमधला पहिला नियम त्यातूनच आला आहे.

बरं, हवेत ताकद घटली याचा दोष दर वेळी मॅग्नेटोचाच असतो असं नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता खेचून घेतं. आत तापमान वीसेक अंशांनीही उतरू शकतं. बाहेर हवा दमट असेल तर वीस-पंचवीस अंशांच्या सुखद दिवशीसुद्धा कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो. विमान उतरेपर्यंत गरम इंजिनाने तो वितळवलेला असतो. पुरावा पाणी होऊन निघून गेलेला. तिसरा संशयित त्याहून क्षुल्लक दिसतो. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी आहे आणि पेट्रोल नुसत्या गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, पंप नाही. टाकीत हवा शिरायचं बारीक भोक बुजलं तर आत निर्वात तयार होत जातो आणि धार मंदावते. उभ्या विमानाच्या अशा भोकांत कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला फार आवडतं. जमिनीवर झाकण उघडलं की हवा आत जाते आणि बिघाडही नाहीसा होतो.

तिन्ही बिघाडांचं लक्षण एकच, तिघांचेही पुरावे खाली येईपर्यंत पुसलेले. म्हणून चांगला मेकॅनिक आधी पाना उचलत नाही, वैमानिकाला बसवून प्रश्न विचारतो. किती वेळाने झालं? हवा कशी होती? इंजिन झटक्याने तुटत होतं की हळूहळू मावळत होतं? एका मॅग्नेटोवर फरक पडला का? तुटक झटके विजेकडे बोट दाखवतात, हळूहळू मावळणं पेट्रोलकडे किंवा बर्फाकडे. हे सगळं लिहून ठेवलेलं असलं तर निम्मं काम झालं. नसलं तर लोक अंदाजाने भाग बदलत सुटतात. त्यात पैसा जातो आणि मूळ दोष तिथेच राहतो.

इंजिनाचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. 130 अश्वशक्तीचं, सुमारे 6.1 लिटरचं चार सिलिंडरांचं हे जिप्सी मेजर इंजिन चक्क उलटं टांगलेलं आहे. क्रँकशाफ्ट वर, सिलिंडरांची डोकी खाली. त्यामुळे पंखा उंचावर राहतो आणि वैमानिकाला पुढचं जास्त दिसतं. पण इंजिन बंद असताना तेल पिस्टनच्या रिंगांतून पाझरून खाली ज्वलनकक्षात साठतं. सकाळी इंजिन सुरू होताना निळा धूर निघतो तो यामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते तेल जास्त साठलं असेल तर. द्रव दाबला जात नाही. पिस्टन त्यावर आपटला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणूनच सुरू करण्याआधी बटणं बंद आहेत याची खात्री करून पंखा हाताने सावकाश फिरवतात. कुठे अनैसर्गिक अडलं तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल सोडायचं. जिप्सीचं तेल गळायचं थांबलं तर टाकी रिकामी झाली असं समजावं, हा मेकॅनिक मंडळींचा जुना विनोद. गळती ते गृहीतच धरतात. महत्त्वाचं आहे ते तासाला किती तेल लागतं याचं टिपण. तो आकडा हळूहळू चढत गेला तर रिंगा झिजल्या, अचानक उडी मारली तर काहीतरी मोडलं.

आणि दाब कमी झालेला सिलिंडर शोधायची पद्धत तर मला फार सुंदर वाटते. प्लगच्या भोकातून दाबाखाली हवा सोडायची आणि कान द्यायचा. फुसफुस सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, कार्ब्युरेटरकडून आली तर इनलेट, क्रँककेसच्या श्वासनळीतून आली तर रिंगा.

लाकडी-कापडी अंगाकडे बघून मात्र लोकांचा गैरसमज होतो. इतकं जुनं कापड आणि लाकूड, म्हणजे धोका तिथेच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात हे साहित्य बरंच प्रामाणिक आहे. कापडावर सेल्युलोजचं लुकण चढवतात. ते वाळताना आक्रसतं आणि कापड ढोलकीसारखं ताणलं जातं. सूर्याचे अतिनील किरण धागे कुजवतात म्हणून लुकणात अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळून एक रुपेरी थर देतात. बाहेरचा रंग शोभेचा, खरं संरक्षण या आतल्या चंदेरीचं. तपासताना एका ठराविक जोराने कापड दाबून बघतात. फाटलं तर अख्खा पंख नव्याने मढवायचा. लाकडाचा शत्रू ओल. त्या काळी लाकडी विमानांत सर्रास वापरलं जाणारं केसीन सरस दुधातल्या प्रथिनांपासून बनायचं. ओल राहिली की बुरशी त्यावर ताव मारते आणि सांधा सुटतो. पंखाच्या मागच्या कडेला पाणी निथळायची छिद्रं असतात. ती रंगाने बुजवणारा रंगारी त्या पंखाचं आयुष्य कमी करतो. पण लाकूड निदान वास देतं, ठोकलं तर बद्द आवाज करतं, सुया टोचल्या तर मऊ लागतं.

पोलाद असं काही सांगत नाही.

वरच्या आणि खालच्या पंखांच्या मध्ये तारा ताणलेल्या दिसतात. विमान उडताना पंख वर उचलले जातात आणि खालच्या पंखाच्या मुळापासून वर जाणाऱ्या तारांवर ताण येतो. त्या तारा खालच्या मुळाला बाहेरच्या बाजूला खेचतात, डावीकडच्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे. या दोन्ही ओढींचं भांडण मिटवायला विमानाच्या तळातून आडव्या जाणाऱ्या दोन पोलादी दांड्या बसवलेल्या असतात, एक पुढे, एक मागे. टोकांना आटे, त्यावर नट. वैमानिकाच्या पायांखाली असूनही त्या दिसत नाहीत. कसरतीत विमान गोलांटी घेतं तेव्हा पंखांवरचा भार विमानाच्या वजनाच्या तिप्पट झाला तर तोच हिशेब या दांड्यांपर्यंत पोचतो.

16 डिसेंबर 2013 रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या दक्षिण स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ एक टायगर मॉथ कसरती करत असताना त्याचे एका बाजूचे पंख हवेतच सुटले. वैमानिक आणि प्रवासी दोघंही गेले. समुद्रातून अवशेष वर काढल्यावर ऑस्ट्रेलियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी ब्यूरोला दोन्ही दांड्या तुटलेल्या आढळल्या, आणि आट्यांच्या भागात थकव्याच्या भेगा आधीपासून होत्या. विशेष म्हणजे त्या दांड्या 1940 च्या दशकातल्या मूळच्या नव्हत्या. त्या पुढे बदलून घातलेल्या, रीतसर मंजुरी घेऊन नव्याने बनवलेल्या होत्या, आणि ठरलेलं आयुष्य संपायच्या पुष्कळ आधीच निकामी झाल्या.

धातूचा थकवा म्हणजे काय, तर एका झटक्यात तुटणार नाही इतका भार पुन्हा पुन्हा येणं. आट्याच्या खाचेत ताण एकवटतो, तिथे सूक्ष्म चीर पडते आणि प्रत्येक गोलांटीला किंचित पुढे सरकते. चीर जिथे असते तो भाग नटाच्या आत लपलेला. दांडी बाहेर काढून, चुंबकित करून, तिच्यावर लोखंडाची बारीक पूड सोडली तर चिरेतून निसटणाऱ्या चुंबकीय क्षेत्रापाशी पूड गोळा होऊन रेघ उमटते. विमानात बसवलेल्या अवस्थेत ती नुसत्या डोळ्यांनी दिसायची आशा नाही. म्हणून दांड्यांना आयुष्याची मर्यादा घातलेली आहे, 2000 तास किंवा 18 वर्षं, जे आधी होईल ते. उड्डाण न करताही वर्षं मोजायची, कारण गंज हँगरमध्ये उभ्या विमानातही चालूच असतो.

माझं मत विचाराल तर टायगर मॉथच्या देखभालीतला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. मूळ कारखान्यात भाग बनताना धातू कोणता, त्याला ताप किती दिला, आटे कापून काढले की दाबून, हे सगळं एका व्यवस्थेच्या नजरेखाली होत होतं. आज जगात कुठेतरी छोट्या कारखान्यात दहा-वीस नग बनतात. म्हणून मूळ रेखाचित्रं आणि तांत्रिक सूचना सांभाळणारी संस्था लागते. ब्रिटनमध्ये डक्सफर्डची द हॅविलँड सपोर्ट हे काम करते. भाग नवा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो कोणत्या नकाशावरून, कुणाच्या तपासणीखाली बनला याचा कागद बघावा.

भारतात टायगर मॉथची जागा घेतली ती एचटी-2 या प्रशिक्षण विमानाने. ऑगस्ट 1951 मध्ये बंगळूरला ते पहिल्यांदा उडालं. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ प्रांट्ल यांच्या संस्थेत शिकलेले. त्यांनी प्रशिक्षण विमान संपूर्ण धातूचं केलं. आपल्याकडचा पावसाळा बघता मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. भारतीय वायुसेनेने आपलं एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि 8 ऑक्टोबर 2012 रोजी हिंडनला वायुसेना दिनी पुन्हा उडवलं. दुरुस्ती परदेशात करावी लागली, कारण या विमानावर हात बसलेली माणसं आपल्याकडे फारशी उरलेली नाहीत. ज्यांनी ही विमानं सांभाळली त्यांनी कुठल्या इंजिनाने किती तेल प्यायलं, कोणता मॅग्नेटो तापल्यावर फसवायचा, हे वह्यांत टिपून ठेवलं होतं. तुमच्या घरात कुणी वायुसेनेत एअरमन किंवा फ्लाइंग क्लबात इंजिनिअर असेल आणि अशा वह्या माळ्यावर पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नका. निदान त्यांचे फोटो काढून एखाद्या विमान संग्रहालयाकडे पोचवा.