‘ध’चा ‘मा’ नेमका कोणी केला?

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ओळीने तीन वर्षे गारदी झालो. नाटुकले ठरलेले : नारायणराव पेशव्यांचा खून. नारायणराव दर वर्षी बदलायचा, राघोबादादाही बदलायचे, गारदी मात्र मीच. एकदा धीर करून गुरुजींना म्हटले, “गुरुजी, मला या वर्षी रामशास्त्री करा ना.” गुरुजी प्रेमळच होते. हसून म्हणाले, “अरे, तुझ्या नावाला गारदीच शोभतो.” मी ज्याचे काम करत होतो त्याचे नाव सुमेरसिंग होते, हे गुरुजींच्या लक्षात आले नाही आणि माझ्याही नाही.

आमचे श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ भट इथलेच. सिद्दीच्या जाचाने त्यांनी गाव सोडले आणि घाट चढून ते पुढे पेशवे झाले. नारायणराव हा त्यांचा पणतू. त्यामुळे ही गोष्ट आम्हाला पुण्याची वाटत नाही, घरचीच वाटते.

पुढे दूरदर्शनवर ‘रामशास्त्री’ लागला. प्रभात फिल्म कंपनीचा १९४४ सालचा चित्रपट. रामशास्त्री झालेत गजानन जागीरदार आणि आनंदीबाई झाल्यात ललिता पवार. शेजारच्या काकूंकडे आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो. आनंदीबाई पडद्यावर आल्या की काकू बोटे मोडायच्या. चित्रपट चांगलाच आहे, आजही पाहावा. पण वय वाढले तशा या गोष्टीतल्या काही फटी मला दिसू लागल्या. पडद्यावरच्या, रंगमंचावरच्या आणि आमच्या त्या नाटुकल्यातल्याही. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

घटना अशी. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये वारले. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. काका राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. पगार थकलेले गारदी, म्हणजे भाडोत्री पायदळ, दुपारी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव धावत काकांकडे गेले, त्यांना मिठी मारली आणि तिथेच मारले गेले. राघोबांनी लिहून दिले होते ‘धरावे’, आनंदीबाईंनी केले ‘मारावे’, ही पुढची गोष्ट तुम्हा-आम्हाला पाठ आहे.

पहिली फट कागदाची. सत्तेवरच्या पेशव्याला पकडा, असा हुकूम कोणी आपल्या हाताने लिहून देईल का? कट करणारा माणूस कागद मागे ठेवत नाही. पण इथे उत्तर सापडते. कागद राघोबांना नको होता, गारद्यांना हवा होता. उद्या सगळे अंगावर आले तर ‘आम्ही मालकाच्या हुकमाने केले’ असे म्हणायला हातात काही नको का? ज्याचा पगार थकला आहे तो माणूस नुसत्या शब्दावर विसंबत नाही.

दुसरी फट बेसावधपणाची. इतिहासकार सांगतात, की त्या दिवशी सकाळीच गारद्यांची गडबड नारायणरावांच्या कानावर गेली होती आणि हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताची सूचनाही झाली होती. हरिपंत मात्र कोणाकडे जेवायला गेले. आमच्या कुलाब्याचे रघूजी आंग्रे त्या वेळी पुण्यात होते, त्यांनीही सावध केले होते म्हणतात. पटकथा लिहिताना हे कोणी लिहिले असते, तर आपण ‘छे, असे कुठे होते का’ म्हटले असते. पण असे होते. पगारासाठीचा दंगा रोजचाच होता, कोणाला त्याचे नवल उरले नव्हते.

तिसरी फट नारायणरावांची. ज्याच्यापासून धोका, त्याच्याच खोलीत ते का धावले? मला यात फट दिसतच नाही. अठरा वर्षांचा मुलगा, वडील गेलेले, वडील भाऊ गेलेला. वाड्यात वडीलधारे असे काकाच. तलवार मागे लागली की माणूस राजकारण विसरतो, नाते आठवतो.

आता खरी फट, ‘ध’ची. ‘धरावे’चे ‘मारावे’ करायचे तर नुसते अक्षर बदलून भागत नाही, एक काना जादा घालावा लागतो. मोडीत शब्द न तोडता सलग लिहीत, तिथे जागा काढायची. अशक्य म्हणत नाही, पण सोपेही नाही. बरे, हे आनंदीबाईंनीच केले, असे म्हणते कोण? ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला, खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. तो सांगतो, की राघोबांनी रामशास्त्र्यांपुढे फक्त धरण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले आणि मूळ कागद शास्त्र्यांच्या हाती आला तेव्हा शब्द बदललेला दिसला. पण तो बदलला कोणी, इथे डफ पुरावा देत नाही. सर्वांचा तसा समज आहे, एवढेच तो म्हणतो. त्या समजावर आपण एक वाक्प्रचार उभा केला आणि एका बाईला अडीचशे वर्षे त्यात कोंडून ठेवले.

आणि तिची गरज तरी होती का? डफच सांगतो, की राघोबांनी पुतण्यासाठी रदबदली केली तेव्हा सुमेरसिंगाने ऐकले नाही. याला सोडले तर माझाच नाश होईल, असे त्याचे म्हणणे. विचार करा. पेशव्याला धरले आणि तो उद्या सुटला, तर धरणाऱ्याची मान राहील का? म्हणजे कागदावर ‘धरावे’च असते, तरी त्या दुपारी शेवट हाच झाला असता. ‘मारावे’ हे ‘धरावे’च्या पोटातच होते. अक्षर बदलल्याची गोष्ट सर्वांत सोयीची कोणाला? ज्याने पहिले अक्षर लिहिले त्याला.

रामशास्त्र्यांनी सुमारे दीड महिना चौकशी केली आणि याला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे राघोबांना तोंडावर सांगून पुणे सोडले. रियासतकार सरदेसाई या चौकशीतला हिशेब देतात : गुंतलेले पुरुष एकोणपन्नास. त्यांत ब्राह्मण सव्वीस, मराठे सात, प्रभू तीन आणि गारदी तेरा. तेरांपैकी आठ हिंदू, पाच मुसलमान. महंमद इसफ त्या पाचांतला, त्याची बाजू मला घ्यायची नाही. मुद्दा जातीचा नाहीच. कट म्हटला की त्यात कारकून लागतात, कारभारी लागतात, डोळेझाक करणारे लागतात. रंगमंचावर तेवढी माणसे मावत नाहीत. मग आपण दोनच ठेवतो, एक बाई आणि एक गारदी.

मागे गावातल्या मुलांनी मला हेच नाटक बसवायला बोलावले. मी दोन गोष्टी केल्या. गारदी कोणी व्हायचे, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. आणि आनंदीबाई बोरू घेऊन कागद बदलतात तो प्रवेश काढला. एक मुलगी म्हणाली, “काका, मग कागद कोणी बदलला ते लोकांना कळणार कसे?”

मी म्हटले, “बाळ, तेच रामशास्त्र्याला विचारू दे. त्याने विचारले की पडदा पाडायचा.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)