होकार आणि हुंकार

पुण्यात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा जपानमध्ये दुपारचा एक वाजलेला असतो. ते जेवून आलेले असतात आणि आमची मुलं हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून जेमतेम खुर्चीत टेकलेली. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्याकडे तयार होतं. दोन्हीकडच्यांची बोलणी नीट घडवून आणणं हे माझं काम. या कामाला आमच्या धंद्यात ब्रिज इंजिनिअर म्हणतात. नवी मुलं विचारतात, "मॅडम, जपानी किती यायला हवं?" भाषा हवीच. पण इतक्या वर्षांत मी पाहिलंय, भाषेपायी कामं फार अडत नाहीत. समोरच्याने दिलेला नकार ऐकूच येत नाही, तिथे अडतात.

मध्यंतरी आमच्या एका मुलाने स्क्रीनची नवी मांडणी दाखवली आणि विचारलं, "हे चालेल ना?" पलीकडच्या वयस्कर मॅनेजरांनी मान किंचित तिरकी केली, दातांच्या फटीतून श्वास आत ओढला आणि म्हणाले, आम्ही विचार करून कळवतो. त्यांच्या सहकाऱ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे सगळे खूश! मीटिंग संपल्यावर मला सांगावं लागलं, बाळांनो, ही मांडणी त्यांना नको आहे.

एका टेबलाशी बसले असते तर तो श्वास मुलांनाही ऐकू आला असता. पडद्यावर मात्र दहा-बारा चौकटींतल्या एका चौकटीत ती मान नखाएवढी दिसते, आणि गोंगाट गाळणारी सोय श्वासाचा आवाजही बरेचदा गाळून टाकते. त्या गृहस्थांनी त्यांच्या परीने स्पष्ट नकार दिला होता. चारचौघांत एका तरुण मुलाचा पाणउतारा तेवढा टाळला होता. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. लग्नाच्या बोलण्यांत "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला की आपण पत्रिका उघडून वाद घालत बसत नाही.

माना डोलावण्याचंही तसंच. ऐकणारा जपानी माणूस वाक्यावाक्याला "हो, हो" करत राहतो. तो हुंकार असतो. तुमचं बोलणं ऐकतोय एवढंच त्यातून सांगायचं असतं. मंजुरी समजून कामाला लागलात तर पंधरवडा वाया.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ च्या 'बियॉण्ड कल्चर' या पुस्तकात याची मांडणी केली आहे. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग प्रसंगात, नात्यात, वातावरणात असतो आणि शब्द थोडेच लागतात. जपान त्यातला. जर्मनांकडे जे म्हणायचं ते शब्दांतच येतं. आमच्या शेजारच्या टीमचं काम जर्मनीशी चालतं. तिथून ईमेल येते ती अशी: हे तीन मुद्दे चुकले आहेत, गुरुवारपर्यंत दुरुस्त करा. नवी मुलगी रडवेली होते. कामातली चूक दाखवली म्हणजे माणसाला कमी लेखलं असं तिकडे कोणी मानत नाही, हे तिला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

त्यात तंत्राची भर पडते. दहा भाषांतली संभाषणं तपासणाऱ्या २००९ च्या एका अभ्यासात, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी निघाली. कॉलवर आवाज पोचायलाच याहून उशीर होऊ शकतो. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की १.२ सेकंदांचा विलंब असला तरी समोरचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी स्नेहशील वाटायला लागतो. दोष लाइनचा, आणि बोल माणसाला. म्हणून प्रश्न विचारल्यावर मी मुलांना थांबायला लावते. शांतता भरून काढायला लगेच पुढचं बोलू नका, त्यांना विचार करू द्या.

बाकी आमचे शिरस्ते साधे आहेत. "चालेल ना?" विचारायचं नाही, "यात काय बदलायला हवं?" असं विचारायचं, मग नकाराला वाट मिळते. मुद्दे निदान आदल्या दिवशी पाठवायचे, कारण जपानी कंपन्यांत निर्णय बहुधा मीटिंगच्या आधीच, एकेकाशी बोलून ठरलेला असतो. काय ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठवायचं. तारखेत महिना अक्षरांत लिहायचा, कारण ०५/०६ म्हणजे आपल्याला ५ जून आणि अमेरिकन माणसाला ६ मे. ऑगस्टच्या मध्यावर जपानमध्ये ओबोनची सुट्टी असते, तेव्हा उत्तराची वाट पाहायची नाही.

नव्या मुलांना महिनोन्‌महिने कोडिंग शिकवणाऱ्या कंपन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्यातले दोन दिवस यासाठी काढा, आणि शिकवायला तुमच्याच कंपनीतल्या, वर्षानुवर्षं असे कॉल घेतलेल्या माणसांना उभं करा.