पुस्तकातून उभा राहणारा संगणक

लखनौच्या अमौसी विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या तिकिटावर पीएनआर नावाचा छोटासा संकेतांक असतो. प्रवाशाची सगळी नोंद एका ठिकाणी बांधून ठेवण्याची ही रीत 1960 च्या दशकातली. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून ‘सेबर’ ही आरक्षणव्यवस्था उभारली, तेव्हाच्या मोठ्या संगणकांवर ती घडली. त्या संगणकांना मेनफ्रेम म्हणतात. त्यांचं घराणं अजून जिवंत आहे. जगातल्या मोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब आजही त्यांच्यावर चालतात, आणि ते हिशेब करणारे कोबोल भाषेतले प्रोग्रॅम सांभाळणारी कितीतरी मराठी मुलं-मुली पुण्या-मुंबईत बसून काम करतात.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे 7 एप्रिल 1964 रोजी जाहीर झालेला आयबीएमचा सिस्टम/360. त्याआधी दर नव्या यंत्राबरोबर प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. 360 ने ठरवलं की यंत्र लहान असो वा मोठं, स्वस्त असो वा महाग, आज्ञा त्याच राहतील. त्या आज्ञांचं एक पुस्तक कंपनीने छापलं: ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन’. प्रत्येक आज्ञा मिळाल्यावर यंत्राने नेमकं काय करायचं, ते त्यात लिहिलेलं. 1A हा बाइट दिसला की दोन रजिस्टरांतल्या संख्यांची बेरीज करा, अशा थाटात. आत तारा कशा जोडल्यात, याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

मला यातलं खरं नवल इथे वाटतं. पुस्तक इतकं काटेकोर असेल, तर ते वाचून कुणीही त्यातला संगणक निव्वळ सॉफ्टवेअरमध्ये उभा करू शकतो! एम्युलेटर म्हणतात तो हाच. तो एक आज्ञा वाचतो, पुस्तकात सांगितलेला परिणाम घडवतो, पुढची आज्ञा उचलतो. घरच्या लॅपटॉपवर हे करताना गमतीदार अडचणी येतात. मेनफ्रेम संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतो, तर इंटेलचा प्रोसेसर धाकटा, म्हणून येता-जाता बाइट उलटवावे लागतात. मेनफ्रेममध्ये ‘A’ म्हणजे C1, आपल्या संगणकात 41. पैशांचे हिशेब दशमान अंकांतच ठेवलेले असतात: अधिक 125 ही रक्कम 12 आणि 5C अशा दोन बाइटांत मावते, शेवटचा C हे धन चिन्ह. हे सगळं नीट सांभाळलं, की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमला आपण कुठे चालतोय याचा पत्ताही लागत नाही.

ही युक्ती आयबीएमच्या विरोधकांनी काढलेली नाही. 1401 हे जुनं यंत्र सोडून गिऱ्हाइकांनी 360 घ्यावं म्हणून नव्या यंत्रात 1401 चं एम्युलेशन आयबीएमनेच बसवून दिलं होतं.

आणि जे यंत्र हाताशी नाही त्याच्यासाठी काम करणं, हे तर मुंबईने फार लवकर केलं. 1974 च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे बरोज या अमेरिकी कंपनीचं काम आलं. रुग्णालयाच्या हिशेबांचं एक सॉफ्टवेअर बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमधून तिच्याच लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये न्यायचं होतं. परदेशी संगणक आणायचा तर आयात परवाना, चढं शुल्क आणि निर्यातीतून परकीय चलन मिळवून देण्याची हमी, अशी ती वाट. कंपनीचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या माणसांनी मग हाताशी असलेल्या ब्रिटिश आयसीएल 1903 वर एक रूपांतरक प्रोग्रॅम लिहिला आणि सगळं काम त्यावरच पुरं केलं. बरोजची ही लहान यंत्रं, बी1700 मालिका, स्वतःच एक अजब चीज होती. कोबोलचा प्रोग्रॅम आला की ती कोबोलला सोयीच्या आज्ञांचं यंत्र होत, फोरट्रानचा आला की फोरट्रानचं!

मुंबईत तेव्हा वाट अडवली होती सरकारी परवान्याने. तीस वर्षांनी जगभरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांची वाट अडली ती विक्रेत्याच्या परवान्याने.

कॅलिफोर्नियाच्या फंडामेंटल सॉफ्टवेअर या कंपनीने फ्लेक्स-ईएस हा एम्युलेटर बनवला होता. आयबीएमच्या भागीदार योजनेतून तो आणि मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम छोट्या विकासकांना परवडेल अशा दरात मिळे, आणि चार-पाच माणसांची कंपनी साध्या पीसीवर आपलं उत्पादन तपासू शके. मग आयबीएमची यंत्रं 64 बिटांची झाली. 2004 ची झेड/ओएस 1.6 ही ऑपरेटिंग सिस्टमची आवृत्ती जुन्या 32 बिटांच्या यंत्ररचनेवर चालेना, आणि 64 बिटांच्या एम्युलेशनचा पेटंट परवाना द्यायला आयबीएम तयार होईना. स्वस्त वाट बंद होत गेली. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये आयबीएमने प्लॅटफॉर्म सोल्यूशन्स या दुसऱ्या एम्युलेटर कंपनीवर खटला भरला आणि 2008 मध्ये ती कंपनीच विकत घेतली.

रॉजर बोलर यांनी 1999 मध्ये हर्क्युलीस हा एम्युलेटर सर्वांसाठी मोफत खुला केला होता. दहा वर्षांनी ते टर्बोहर्क्युलीस ही कंपनी काढून आयबीएमकडे ऑपरेटिंग सिस्टमचा परवाना मागायला गेले. नकार आला, आणि मार्च 2010 मध्ये 173 पेटंटांची व अर्जांची यादी आली. त्यातली दोन पेटंटं आयबीएमने 2005 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरविरुद्ध न वापरण्याचं वचन दिलेल्यांपैकी होती. युरोपीय आयोगाने जुलै 2010 मध्ये आयबीएमची चौकशी सुरू केली, पण तक्रारदारांनी माघार घेतली आणि एम्युलेटरांबद्दलची ती चौकशी 2011 मध्ये मिटली. मार्च 2025 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने, मेनफ्रेमचे प्रोग्रॅम साध्या यंत्रांवर चालवणाऱ्या एलझेडलॅब्ज या कंपनीविरुद्ध आयबीएमने आणलेल्या परवानाभंगाच्या दाव्यात आयबीएमच्या बाजूने निकाल दिला.

आयबीएमची बाजू मला समजते. आज्ञा पुस्तकात छापल्या म्हणून त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टम फुकट ठरत नाही. ती लिहायला हजारोंचे कष्ट लागले आहेत. पण विकायला निघालेला एम्युलेटर आणि शिकणाऱ्याच्या किंवा छोट्या विकासकाच्या टेबलावरचा एम्युलेटर यांना एकच माप लावणं चूक आहे. नव्या हातांना यंत्र मिळालंच नाही, तर जुना कोबोल उद्या सांभाळणार कोण? पुढे आयबीएमने झेडपीडीटी हा स्वतःचा पीसीवरचा एम्युलेटर यूएसबी किल्लीसह भागीदारांना दिला आणि शिकणाऱ्यांसाठी झेड एक्सप्लोर हे शिकवणीचं व्यासपीठ खुलं केलं. गरज कंपनीलाही पटली होती, असाच त्याचा अर्थ मी घेतो. छोट्या विकासकाला रास्त दरातला परवाना हक्काने मिळायला हवा, कंपनीच्या मर्जीवर तो असू नये.

तोवर एक वाट मोकळी आहे. 1980 च्या आसपासची एमव्हीएस 3.8 ही ऑपरेटिंग सिस्टम हर्क्युलीसवर मोफत चालवता येते. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही तिला पुरतो. घरात कुणी संगणक शिकत असेल, तर या सुट्टीत त्याच्याकडून ती एकदा सुरू करून घ्या.