'स्फोटरोधक' कॅमेरा काय रोखतो?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मी आधी शब्दाकडंच पाहतो. 'स्फोटरोधक कॅमेरा' म्हटलं की वाटतं, हा स्फोट होऊ देणार नाही. तसं नाही. त्याच्या जाड धातूच्या पेटीत स्फोट होईल, हे धरूनच ती बनवतात. आत शिरलेली वाफ ठिणगीनं पेटली तरी पेटी फुटत नाही. आणि सांध्याच्या अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाला इतकी थंडावते की बाहेरची वाफ पेट घेत नाही. 1815 साली हम्फ्री डेव्हीनं खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, त्यातलं तत्त्व हेच.

आपल्याकडं हे कुठं लागतं? साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत. हवेत इथेनॉलची वाफ साधारण 3.3 टक्के झाली की ठिणगी पडायचाच अवकाश. तिथं दुकानातला साधा सीसीटीव्ही लावला, तर राखणदारच आग लावायचा! म्हणून टाकीचा आतला भाग झोन 0, वाफ बाहेर पडते तिथला झोन 1, पलीकडं झोन 2 अशी आखणी करतात आणि त्या झोनला मंजूर असलेलंच उपकरण बसवतात. मंजुरी देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

आता खरी अडचण. दुरुस्तीला पेटी उघडली, परत लावताना एक बोल्ट राहिला, किंवा केबलला साधी ग्लँड बसवली, की मंजुरीला अर्थ उरत नाही. पडद्यावर चित्र मात्र पूर्वीसारखंच स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. आणि इथेनॉलची वाफ तर या कॅमेऱ्याला दिसतही नाही. तिच्यासाठी गॅस डिटेक्टर वेगळाच लावावा लागतो.